बारकीला जाऊ द्यावे याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, वेल्डरची थोरली मुलगी, वकिलाच्या कार्यालयात टंकलेखनाची नोकरी करणारी, लिहून ठेवते की पुढचा मजकूर मला कोणी सांगितलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही आणि कोणी घाबरवलेलेही नाही. माझे डोके शाबूत आहे. बिघाड त्याच्या खाली, हृदयात आहे, आणि त्याची कागदपत्रे खाटेच्या पायाशी टांगलेली आहेत. उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टर माझी एक झडप काढून दुसरी बसवणार आहेत. शंभरातली तीन-चार माणसे यातून उठत नाहीत असे ते म्हणाले. हे ऐकून आईने पदर तोंडाला लावला आणि दादाने विचारले की गाडी कुठे लावायची असते.

चार वर्षांत मी बरीच मृत्युपत्रे टंकली. घर एका ओळीत जाते आणि भिंतीवरच्या घड्याळाला दीड पान लागते, हे मी स्वतः पाहिले आहे. आमचे वकीलसाहेब अशिलांना नेहमी सांगतात, "राग लिहू नका. रागाची वाटणी होत नाही." मी त्यांचे आजवर सगळे ऐकले. हे एक ऐकणार नाही. माझ्याकडे घर नाही, जमीन नाही. राग वगळला तर माझी मालमत्ता अर्ध्या पानात संपेल.

कलम १. मुख्य गोष्ट आधी लिहिते, कारण दादा पहिल्या कलमापुढे काही वाचत नाही. माझी धाकटी बहीण, जिला आम्ही बारकी म्हणतो, वय सतरा, हिला पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली आहे. महाविद्यालय दुसऱ्या गावी आहे, राहायला वसतिगृह आहे. येत्या अठ्ठावीस तारखेच्या आत घरातल्या एका सज्ञान माणसाने तिच्यासोबत जाऊन पालक म्हणून सही करायची आणि फी भरायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. अठ्ठावीस तारखेला मी खाटेवर पडलेली असेन किंवा नसेन. बँकेतली माझी सर्व शिल्लक बारकीच्या फीसाठी आणि वसतिगृहासाठी आहे, इतर कशासाठीही नाही. 'इतर' या शब्दात कार्यशाळेचे छप्पर, दादाची नवी मोटरसायकल आणि माझ्यामागे लोकांना घालायचे जेवण हे सर्व येते.

अडचण अशी की बारकी सज्ञान व्हायला मार्च उजाडेल. तोवर पैसे आणि सही कोणा मोठ्याच्या हातात द्यावी लागेल. कोणाच्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून घरातल्या एकेका माणसाला समोर घेते. कोणाला लागले तर लागू दे.

कलम २. बाबा. मी नऊ वर्षांची असताना मला सांधे सुजण्याचा ताप आला. तो हृदयाच्या झडपेवर जाऊ नये म्हणून दवाखान्याने एक कार्ड दिले. त्यावर चोवीस चौकोन होते. दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन आणि एका चौकोनात शिक्का. बाबांनी एकही तारीख चुकवली नाही. कार्यशाळा बंद ठेवून, मला सायकलच्या दांडीवर बसवून नेले. मी रडले की म्हणायचे, "आणखी थोडेच चौकोन राहिलेत, वाघीण." चोविसावा शिक्का बसला त्या दिवशी त्यांनी मला आइस्क्रीम दिले आणि शेजाऱ्यांना कार्ड दाखवत फिरले. पोरगी बरी झाली, कार्ड भरले.

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. "कार्ड भरल्यावर नवीन कार्ड घ्यावे. उपचार बंद करू नये." बाबांना वाचता येत नाही, आईला तेव्हा येत नव्हते. मी चौथीत होते, मला येत होते, पण कार्ड बाबांच्या खिशात असायचे आणि मला कोणी वाच म्हणाले नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी जुने दाखले शोधताना एकोणिसाव्या वर्षी मला ते पेटीत सापडले. तोवर झडप जायची तेवढी गेली होती.

ही ओळ मी बाबांना आजपर्यंत वाचून दाखवलेली नाही. हे मृत्युपत्र त्यांना कोणीतरी वाचून दाखवील तेव्हा ते ती पहिल्यांदा ऐकतील. ही गोष्ट पोटात ठेवून जाण्याइतकी मी चांगली नाही. मला वाटायचे, आहे. काल रात्रभर वाटत होते, सकाळी वाटेनासे झाले.

बारकीबद्दल बाबांचे म्हणणे असे, आणि ते शब्दशः लिहिते:

"एकीला शिकवली. काय झालं? पडलीय दवाखान्यात."

"शिकल्यामुळे नाही पडले, बाबा."

"मग बारकीही गेली तर माझी बिलं कोण करणार? गिऱ्हाइकाशी मोबाइलवर कोण बोलणार? लोक आता फाटकाचं डिझाइनसुद्धा फोटोत पाठवतात. जनावरांना काय, जनावरं आपली आपण बरी होतात."

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना गज बसवले. गज चांगले बसवतात, हलत नाहीत. चौकोन भरले की काम संपले असे मानणाऱ्या माणसाच्या हातात मी बारकीची साडेपाच वर्षे देऊ शकत नाही. माझे पदवीचे प्रमाणपत्र मात्र त्यांचे आहे. चौकट त्यांनी स्वतः वेल्ड केली, चार माणसांना उचलावी लागेल इतकी जड केली. ती त्यांच्याकडे राहावी.

कलम ३. दादा. वरील चौकटीच्या खिळ्यावर दादा हेल्मेट अडकवतो. त्याने हेल्मेटसाठी वेगळा खिळा ठोकावा. खिळे कार्यशाळेत पोत्याने आहेत.

पदवी मिळाली त्या महिन्यात मी घरकामाचे वेळापत्रक करून स्वयंपाकघरात लावले होते. सात दिवस, सहा माणसे, सर्वांना समान कामे, दादाला मंगळवार आणि शुक्रवारची भांडी. मला तेव्हा खरोखर वाटत होते की माणसांना नीट मांडून दाखवले की पटते. दादा म्हणाला, "अक्षर झकास आहे तुझं." तिसऱ्या दिवशी तो कागद उलटा होऊन त्याच्या पाठीवर टायरवाल्याचा नंबर होता. दादाने भांडी आजतागायत घासलेली नाहीत. त्याचे फोनवरचे बोलणे मात्र आख्ख्या चाळीला ठाऊक असते, कारण तो फोन कानाला न लावता तोंडासमोर आरशासारखा धरतो आणि पलीकडच्या माणसालाही सगळ्यांना ऐकू येईल असे बोलायला लावतो.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिले. दादाने अंगठा पाठवला. आजोबाही सगळीकडे अंगठाच द्यायचे, पण त्यांना लिहिता येत नव्हते.

बारकीला पोचवायला जाशील का, असे मी त्याला समोर बसवून विचारले. तो म्हणाला, "बघू." दादाच्या 'बघू'त काही दिसत नाही. तो वाईट नाही. गल्लीत कोणाची गाडी बंद पडली तर जेवण टाकून धावतो. पण घरातले काही बंद पडले की त्याला ऐकू येत नाही. दादाला माझा छोटा पंखा द्यावा. तो तसाही त्याच्याकडेच आहे.

कलम ४. मोबाइल नंबर. ही माझी सर्वांत वापरातली मालमत्ता. घरात अर्ज वाचू शकणारी मी पहिली, म्हणून बँक, वीज, गॅस, बाबांची विमापॉलिसी, दादाचा परवाना, आत्याची पेन्शन, जिथे जिथे नंबर मागितला तिथे सर्वांनी माझा दिला. परिणामी गेली सहा वर्षे कोणीही कुठेही काहीही केले की ओटीपीचे आकडे माझ्या फोनवर येतात आणि पाठोपाठ हाक येते, "आला का?" मी परीक्षेत असताना आला. साहेबांसमोर अशील रडत असताना आला. परवा हृदयाची तपासणी चालू असताना, छातीवर गार जेल लावलेले असताना, बाहेरून दादाचा आवाज: "अगं, आला का? लवकर सांग, तीन मिनिटांत मरतो तो!"

माझ्या मृत्यूनंतर हा नंबर एक महिना चालू ठेवावा. त्या महिन्यात प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी जाऊन, रांगेत उभे राहून, स्वतःचा नंबर लावून घ्यावा. मग तो बंद करावा. बारकीने तो कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. घरात कोणी प्रेमाने दिला तरी घेऊ नये. प्रेमानेच देतात. फोनचे यंत्र काल भरती होताना वहिनीकडे दिले आहे. ते तिच्याकडून घेऊन बारकीला द्यावे.

कलम ५. आत्या. आत्याला काही नाही. जास्त वाचन केल्याने बायकांच्या छातीवर ताण येतो, हे तिने मला ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तीन वेळा मोबाइलवर पाठवले. तेच वाक्य, फक्त फुले वेगळी.

कलम ६. आई. ती चार घरी स्वयंपाक करते आणि पाचवे आमचे. मला बारावीला आतली खोली मिळावी म्हणून ती वर्षभर स्वयंपाकघरात झोपली. हे ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहिते. पण आईकडे पैसे ठेवले तर ते दादाकडे जातील. ती चोरून देणार नाही. पाणी उताराकडे जावे तसे जातील, देताना तिच्या लक्षातही येणार नाही.

एकदा मी तिला म्हणाले होते, "तुला फक्त दादाचीच काळजी."

ती कणीक मळत होती. म्हणाली, "तू शहाणी आहेस गं. शहाण्या माणसाची काळजी कोण करतं?"

हे तिने कौतुकाने म्हटले होते. मला ते अजून पचलेले नाही. बारकीही शहाणी आहे, एवढेच सांगते.

आईने डोळे तपासून चष्मा करून घ्यावा. त्याचे पैसे माझ्या कपाटातल्या चहाच्या डब्यात वेगळे आहेत. गेल्या वर्षी मी तिला वाचायला शिकवले आणि ती मोठी अक्षरे लावून वाचते. बारीक अक्षरे चष्म्याशिवाय दिसत नाहीत. बारीक अक्षरेच महत्त्वाची असतात. दादाला डब्याचे सांगू नये.

कलम ७. माझे स्टीलचे कपाट किल्लीसह, टेबल, शब्दकोश आणि थोडी पुस्तके बारकीला.

कलम ८. भेटायला येणाऱ्यांसाठी. माझ्यासोबत फोटो काढू नयेत. ही अट जिवंत असतानाही लागू आहे. आज सकाळी दादाच्या मित्राने माझ्या नळ्यांसकट काढला आणि 'लवकर बरी हो ताई' असे लिहून सर्वांना दाखवला. मी त्याची ताई नाही. आम्ही यापूर्वी एकदाच भेटलो आहोत आणि तेव्हा त्याने माझी छत्री नेली.

कलम ९. वहिनी. दादाची बायको. घरात शिवणयंत्रावर शाळांचे गणवेश शिवते. हिच्याविरुद्ध माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे: (अ) माझ्या कपाटाच्या दारावर ओले कपडे टाकते, त्यामुळे दार गंजले. (आ) मी अभ्यास करत असताना मुद्दाम यंत्र चालवते. (इ) माझ्या कपात पिन ठेवते. (ई) माझ्या नोकरीला 'तुमचं ते टकटक' म्हणते. (उ) लग्न होऊन आली त्या वर्षी मी तिला म्हणाले, वहिनी, तू बाहेरून दहावीला बस, मी शिकवते. ती म्हणाली, "आधी स्वतःची झाडू तरी धरा नीट." यावरून आम्ही चार महिने बोललो नव्हतो. माझे तेव्हा काही चुकले असे मला अजूनही

इथे लेखन थांबले, कारण भेटीची वेळ झाली आणि वहिनीच आली. एकटी, हातात डबा. बाकीचे सहाला येणार होते. पुढचे जसे घडले तसे नोंदवते, कारण त्याने मृत्युपत्र बदलले.

"काय वन्सं, ऑफिसचं टकटक इथेपण?"

"मृत्युपत्र लिहितेय."

"अगं बाई." तिने डबा ठेवला. "माझं नाव आहे का?"

"नवव्या कलमात."

"काय देताय?"

"शिव्या."

"वाचा की मग."

मी वाचले. (अ) पासून (उ) पर्यंत. ती स्टुलावर बसून डब्याची झाकणे उघडत ऐकत होती. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी रेडिओ बारीक केला.

"कपड्यांचं खरंय," वहिनी म्हणाली. "मग कुठे टाकू? तुमच्या डिग्रीवर? तिथं तुमच्या भावाचं हेल्मेट आहे. आणि मुद्दाम यंत्र चालवत नाही हं मी. जूनमध्ये शाळा सुरू होतात, शाळेला काय सांगू, आमच्या वन्सं वाचतायत?" मग तिने चमचा पुसून माझ्या हातात दिला. "खा. आणि ऐका. दुपारी तुमच्या फोनवर बारकीच्या कॉलेजचा फोन आला."

मी चमचा खाली ठेवला.

"तिकडून बाई विचारते, येणार का, नसाल तर जागा पुढे देतो. बाबा समोरच जेवत होते. हातानं खूण केली, नाही म्हण. सासूबाई भिंतीकडे बघायला लागल्या."

"मग?"

"बाई म्हणाली, आपण कोण? म्हटलं, पालक बोलतेय."

"मग, वहिनी?"

"मग काय. येणार म्हटलं. सत्तावीसला निघू, अठ्ठावीसला सकाळी दारात. विचारलं, गादी घरून आणायची का तिथं मिळते. गादी मिळते, उशी आणायची."

"बाबा?"

"ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं, दोन डझन कॉलर झाल्या."

मला रडू आले. छातीवर ताण नको म्हणून मी ते आवरले. म्हणाले, "वहिनी, तू माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी कशाला?" ती खरोखरच चकित झाली. "ती गेली की खिडकीजवळची जागा सुटते. यंत्राला उजेड लागतो. सहा वर्षं त्या ट्यूबखाली शिवून डोळे गेले माझे. तुम्हा दोघी बहिणींची टेबलं मेली हलतच नाहीत तिथून."

मी तिला विचारले की मार्चपर्यंत पैसे तुझ्या ताब्यात ठेवले तर चालेल का.

तिने चमचा उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "ठेवा. पण घट्ट लिहा. घरात कोणीही मागितले तर द्यायचे नाहीत असं. तुमचा भाऊ लाडात येऊन मागतो, आणि मीही माणूसच आहे. कागदाकडे बोट दाखवता आलं पाहिजे." आणि दारापर्यंत जाऊन परत आली. "आणि ते कपाट मला. ती काय वसतिगृहात कपाट डोक्यावर घेऊन जाणारे?"

सबब कलम ७ मधील कपाट खोडले आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. कपाट वहिनीला, गंजासकट. कलम ९ मधील तक्रारी मी मागे घेत नाही. त्या खऱ्या आहेत.

कलम १०. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझ्या वहिनीची नेमणूक करते. बारकी सज्ञान होईपर्यंत कलम १ मधील सर्व रक्कम वहिनीच्या एकटीच्या ताब्यात राहील. सासरा, सासू, नवरा किंवा अन्य कोणी, रागाने, रडून, आजारपण सांगून किंवा लाडात येऊन ती मागितली, तरी ती देण्याचा वहिनीला अधिकार नाही. महाविद्यालयात पालक म्हणून वहिनी सही करील. मी उद्या वाचले तरी अठ्ठावीस तारखेला तिनेच जावे. ती हे माझ्यावरच्या मायेने करत नाही, हे मला तिने स्पष्ट सांगितले आहे. मायेने वागणारी माणसे मी वर एकेक करून तपासली. आमच्या घरात बारकीच्या जाण्याने ज्याचा फायदा आहे असे एकच माणूस आहे, आणि खिडकीचा उजेड मार्चपर्यंत काय, साडेपाच वर्षे लागणार आहे. मी याच्यावर विसंबते. पदवी घेतली तेव्हा मी वेगळ्या गोष्टींवर विसंबून होते.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला आणि खालील दोघींसमोर सही केली. दोघींनाही यातून काही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. उद्या उठले तर पुन्हा करीन, तेव्हा बाबांचे कलम कदाचित वेगळे असेल.

सही करण्याआधी शेजारच्या आजींनी, ज्या निवृत्त शिक्षिका आहेत, सर्व पाने चष्मा लावून वाचली आणि विचारले, "व्यवस्थापक वहिनी म्हणजे तीच ना, मघाशी तुझ्याशी भांडत होती ती?"

मी म्हणाले, "तीच."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पेन मागितले.

लिहून ठेवणारी: (सही) वेल्डरची थोरली मुलगी

साक्षीदार पहिली: (सही) निवृत्त शिक्षिका, खाट क्रमांक अकरा

साक्षीदार दुसरी: (सही) दुपारपाळीची परिचारिका. यांनी वाचायला वेळ नसल्याचे सांगून, माझी नाडी मोजून, मी शुद्धीवर असल्याची खात्री करून सही केली.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, स्त्रियांचा कक्ष, खाट क्रमांक बारा

दिनांक: सोळा, मंगळवार, सायंकाळी पावणेसहा. बाकीचे यायच्या आधी.